दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: हिशोब कोणत्या क्रमाने मांडायचा

मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर, विमान ताशी ९०० किलोमीटर, म्हणजे आठ तास. हा हिशोब जवळजवळ प्रत्येक जण असाच करतो आणि तो चुकतो. दुसरा प्रकार याहून जास्त दिसतो: तिकिटावर सुटण्याची वेळ १३:००, पोहोचण्याची १८:१५, म्हणजे प्रवास सव्वापाच तासांचा. हाही चुकीचा. प्रत्यक्षात ते विमान पावणेदहा तास घेतं.

चूक आकडेमोडीत नसते, क्रमात असते. ‘अंतर’ म्हणून आपण तीन वेगळे आकडे वापरतो: नकाशावरचं सरळ अंतर, विमान खरोखर कापतं ते अंतर आणि रस्त्याचं अंतर. ‘वेळ’ म्हणूनही तीनच: हवेतला वेळ, गेट ते गेट वेळ आणि घर ते घर वेळ. एका प्रकारचं अंतर घेऊन दुसऱ्या प्रकारचा वेळ काढला की उत्तर बिघडणारच. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. मधला एखादा टप्पा गाळलात तर पुढचा सगळा हिशोब डळमळीत होतो.

## तयारी: बसण्याआधी काय हाताशी हवं

- दोन्ही विमानतळांची पूर्ण नावं आणि तीन अक्षरी कोड
- दोन्हींचे अक्षांश-रेखांश, दशांश अंशांमध्ये
- प्रवासाची तारीख (महिना पुरेसा नाही, का ते टप्पा ७ मध्ये येईल)
- विमानाचा प्रकार. बुकिंग करताना फ्लाइटच्या तपशिलात तो बहुतेक वेळा दिलेला असतो
- साइन-कोसाइन असलेला कॅल्क्युलेटर. मोबाइल आडवा धरला की बहुतेक फोनमध्ये तो उघडतो

अंतर काढून देणाऱ्या वेबसाइट भरपूर आहेत आणि त्या वापरायला काहीच हरकत नाही. पण एकदा तरी हाताने हिशोब करून बघाच. वेबसाइट नेमका कोणता आकडा देते आहे, हे त्याशिवाय ओळखता येत नाही.

## टप्पा १: शहर नको, विमानतळ पक्का करा

‘मुंबई’ लिहून आता भागत नाही. सहारचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ (कोड बीओएम) आहेच, आणि डिसेंबर २०२५ पासून उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळावरूनही (कोड एनएमआय) प्रवासी विमानं सुटू लागली. गोव्याचंही तसंच. दाबोळी (जीओआय) वास्कोला लागून, तर मोपा (जीओएक्स) उत्तरेला पेडणे तालुक्यात. दिल्लीहून दोन्हींचं हवाई अंतर जवळपास सारखं असल्याने हवेतल्या वेळात फरक कळतही नाही. पण काणकोणला जायचं असताना मोप्याला उतरलात तर जवळपास सगळा गोवा रस्त्याने ओलांडावा लागतो.

परदेशात हा घोळ वाढतो. लंडनमध्ये हीथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्यूटन आणि सिटी असे विमानतळ आहेत. न्यूयॉर्कच्या शोधात नेवार्कही दिसतो, पण तो न्यू जर्सीत आहे. एडिसनला नातेवाइकांकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांना तोच सोयीचा, मॅनहॅटनच्या पलीकडे लाँग आयलंडवर राहणाऱ्यांकडे जायचं असेल तर जेएफके.

सावधान: एकाच नावाची दोन शहरं. हैदराबाद तेलंगणातही आहे आणि सिंधमध्येही. लंडन कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातही आहे आणि तिथेही विमानतळ आहे. सॅन होजे कॅलिफोर्नियातही आहे आणि कोस्टा रिकातही. नाव टाकून आलेला आकडा डोळे झाकून घेऊ नका, कोड टाका.

तपासणी: कोड, शहर आणि देश या तिन्ही गोष्टी तुम्ही कागदावर लिहिल्या आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: अक्षांश-रेखांश नीट उतरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

पहिली चूक, अंश-कला आणि दशांश यांची सरमिसळ. मुंबई विमानतळाचा अक्षांश १९ अंश ५ कला १९ विकला उत्तर. अनेक जण तो १९.०५ किंवा १९.०५१९ असा लिहितात. एका अंशात ६० कला आणि एका कलेत ६० विकला असतात. म्हणून ५ ÷ ६० = ०.०८३ आणि १९ ÷ ३६०० = ०.००५, एकूण १९.०८८, गोळाबेरीज १९.०९. वरची चूक चार किलोमीटरची झाली. पण कला ५० च्या घरात असतील आणि भागायचं विसरलात, तर फरक चाळीस किलोमीटरपर्यंत जातो.

दुसरी चूक, पश्चिमेचं चिन्ह. ग्रीनिचच्या पश्चिमेचे रेखांश आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेचे अक्षांश ऋण लिहायचे. मुंबईचा रेखांश ७२.८७ पूर्व, नेवार्कचा ७४.१७ पश्चिम. उणे चिन्ह विसरलात तर दोघांमध्ये जेमतेम १.३ अंशाचा फरक उरतो आणि ‘नेवार्क’ चक्क किरगिझस्तानात जाऊन पडतं. अंतर येतं २,४०० किलोमीटरच्या आसपास. खरं आहे सुमारे १२,५५० किलोमीटर. इतकी मोठी चूक लगेच लक्षात येते. लंडनच्या बाबतीत मात्र ती लपून राहते, कारण हीथ्रोचा रेखांश ०.४६ पश्चिम इतका छोटा आहे की चिन्ह चुकलं तरी उत्तर बरोबर वाटतं.

तिसरी चूक, शहराच्या मध्याचे आकडे. बेंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळीला आहे, नाशिकचा ओझरला, शिर्डीचा काकडीला. शहराच्या नावाने मिळणारे अक्षांश-रेखांश शहराचे असतात, धावपट्टीचे नसतात. लांबच्या प्रवासात हा फरक विरून जातो, तास-सव्वा तासाच्या उड्डाणात तो जाणवतो.

पुढच्या उदाहरणांसाठी आपण हे आकडे घेऊ:

- मुंबई: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व
- दिल्ली: २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व
- दुबई: २५.२५ उत्तर, ५५.३६ पूर्व
- हीथ्रो: ५१.४७ उत्तर, ०.४६ पश्चिम

## टप्पा ३: सरळ हवाई अंतर काढा

पृथ्वी गोल आहे, त्यामुळे भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेषा सर्वांत जवळची नसते. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर दोन विमानतळांवर दोरा ताणून धरा. तो दोरा जिथून जातो ती खरी जवळची वाट. यालाच बृहद्वृत्त म्हणतात, अॅपवर ‘ग्रेट सर्कल’ म्हणून दिसतं ते हेच. मुंबई–नेवार्कसाठी दोरा ताणलात तर तो ६५ अंश उत्तरेपर्यंत, आर्क्टिक वृत्ताच्या अगदी जवळ चढतो. सपाट नकाशा बघून हे कधीच सुचणार नाही.

सूत्र असं:

कोसाइन(कोन) = साइन(पहिला अक्षांश) × साइन(दुसरा अक्षांश) + कोसाइन(पहिला अक्षांश) × कोसाइन(दुसरा अक्षांश) × कोसाइन(रेखांशांतला फरक)

आलेल्या कोनाला, तो रेडियनमध्ये (कोन मोजण्याचं दुसरं एकक: अंश ÷ १८० × पाय) असताना, ६,३७१ ने गुणायचं. ६,३७१ किलोमीटर ही पृथ्वीची सरासरी त्रिज्या.

मुंबई–दिल्ली करून बघू. रेखांशांतला फरक ७७.१० − ७२.८७ = ४.२३ अंश.

1. साइन १९.०९ × साइन २८.५७ = ०.३२७१ × ०.४७८२ = ०.१५६४
2. कोसाइन १९.०९ × कोसाइन २८.५७ × कोसाइन ४.२३ = ०.९४५० × ०.८७८२ × ०.९९७३ = ०.८२७७
3. बेरीज ०.९८४१
4. ज्याचा कोसाइन एवढा तो कोन सुमारे १०.२४ अंश, म्हणजे ०.१७८७ रेडियन
5. ०.१७८७ × ६,३७१ = सुमारे १,१३८ किलोमीटर

जवळच्या दोन विमानतळांसाठी या सूत्रात दशांशाची चार स्थळं कमी पडतात, सहा ठेवा. कॅल्क्युलेटरवर मधले आकडे न खोडता पुढे गेलात तर ही काळजी आपोआप मिटते.

सावधान: कॅल्क्युलेटर अंशांच्या मोडमध्ये आहे का रेडियनच्या, हे आधी बघा. साइन ३० टाकून ०.५ आलं तर अंश. एक्सेलच्या तक्त्यात मात्र कोन कायम रेडियनमध्येच द्यावा लागतो. अंशांना १८० ने भागून पायने गुणा आणि मग सूत्रात घाला.

एक सोपी पद्धत पुष्कळ जण वापरतात: एक अंश म्हणजे १११ किलोमीटर धरून अक्षांश आणि रेखांश दोन्हींच्या फरकाला १११ ने गुणायचं आणि पायथागोरस लावायचा. मुंबई–दिल्लीला त्याने १,१५२ येतात, म्हणजे निभावून जातं. हीच पद्धत मुंबई–लंडनला लावली तर जवळपास ८,९०० किलोमीटर येतात, खरे आहेत ७,२१३. कारण रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा फक्त विषुववृत्तावर असतो, उत्तरेला तो आखूड होत जातो. देशाबाहेरच्या प्रवासाला ही पद्धत वापरूच नका.

एककांची तपासणी: वैमानिक आणि विमान कंपन्या अंतर नॉटिकल मैलात मोजतात. १ नॉटिकल मैल = १.८५२ किलोमीटर, साधा मैल = १.६०९ किलोमीटर. मुंबई–दिल्ली म्हणजे ६१५ नॉटिकल मैल किंवा ७०७ साधे मैल. कुठे नुसतं ‘६१५’ दिसलं आणि तुम्ही १.६०९ ने गुणलंत तर ९९० किलोमीटर येतील, दीडशे किलोमीटर गायब. एकक लिहिलेलं नसेल तो आकडा टाकून द्या.

## टप्पा ४: विमान खरोखर किती अंतर कापतं

सरळ रेषेवरून विमान क्वचितच उडतं. धावपट्टी ज्या दिशेची असेल त्या दिशेने ते निघतं, ठरलेल्या हवाई मार्गांवरून जातं, वादळी ढग टाळतं आणि उतरताना रांगेत लागतं. देशांतर्गत उड्डाणाला सरळ अंतरात साधारण ५ टक्के मिळवले की अंदाज जमतो.

आंतरराष्ट्रीय उड्डाणाला टक्केवारीपेक्षा नकाशा महत्त्वाचा. मुंबई–हीथ्रो ही सरळ रेषा बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, कॉकेशस, काळा समुद्र आणि ओडेसाजवळचा दक्षिण युक्रेन अशी जाते. आता यातलं काय मोकळं आहे ते बघा. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि ती मुदत पुढे पुन्हा पुन्हा वाढवली. इराण आणि आखाताच्या भागात तणाव वाढला की तिथले मार्गही अचानक बदलतात.

याचा एक परिणाम लोकांच्या पटकन लक्षात येत नाही: एकाच दिवशी, त्याच दोन विमानतळांमध्ये, दोन कंपन्यांच्या विमानांचा मार्ग वेगळा असू शकतो. भारतीय कंपनीला पाकिस्तानवरून जाता येत नसेल आणि ब्रिटिश कंपनीला येत असेल, तर सरळ अंतर सारखं असूनही वेळ वेगळा. रशियाच्या आकाशाबाबत उलटं: २०२२ पासून युरोप-अमेरिकेतल्या कंपन्यांना ते बंद, भारतीय कंपन्यांना खुलं. म्हणून ‘अमुक कंपनीला कमी वेळ लागतो, तिचं विमान वेगवान आहे’ असा निष्कर्ष काढण्याआधी मार्ग बघा.

मुंबई–लंडनसाठी आपण ७ टक्के वाढ धरू: ७,२१३ चे सुमारे ७,७२० किलोमीटर. मार्ग मोकळे असतील तर वाढ कमी, मोठा वळसा असेल तर जास्त.

तपासणी: त्याच फ्लाइट नंबरचा गेल्या काही दिवसांतला मार्ग फ्लाइटरडार२४ सारख्या साइटवर दिसतो. बातम्यांवरून अंदाज बांधण्यापेक्षा तो बघणं केव्हाही बरं.

## टप्पा ५: हवेतला वेळ

आता वेग. ‘विमान ताशी ९०० ने जातं’ हे सगळ्या विमानांना लागू नाही.

- एटीआर ७२ (पंख्यांचं छोटं विमान): ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास
- एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७: सुमारे ८३०
- बोइंग ७७७, बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५०: सुमारे ९००

हे वेग वर, ठरलेल्या उंचीवर पोहोचल्यावरचे (जेट विमानांसाठी साधारण अकरा-बारा किलोमीटर, एटीआर त्याहून बरंच खालून उडतं). चढताना आणि उतरताना विमान बरंच हळू असतं. त्यासाठी हवेतल्या वेळात सरसकट १५ मिनिटं मिळवायची. नुसता भागाकार करून थांबणारे इथेच फसतात, आणि अंतर जेवढं कमी तेवढे जास्त फसतात.

मुंबई–दिल्ली: १,१३८ चे ५ टक्क्यांसह १,१९५ किलोमीटर. ८३० ने भागले की १ तास २६ मिनिटं. अधिक १५, म्हणजे १ तास ४१ मिनिटं हवेत.

पुणे–नागपूर: सरळ अंतर सुमारे ६०५ किलोमीटर, वाढीसह ६३५. भागाकार ४६ मिनिटं, अधिक १५, म्हणजे तासभर. १५ मिनिटं विसरलात तर इथे पाव वेळ हरवला.

एटीआरने जायचं असेल तर मात्र ५०० ने भागा. तिकीट काढताना विमानाचा प्रकार न बघता जेटचा वेग धरणं ही छोट्या शहरांच्या प्रवासातली नेहमीची चूक.

## टप्पा ६: वारा

उंचावर आपल्या अक्षांशांपासून पुढे उत्तरेला वारा मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर पश्चिमी झोतवारा असतो, त्याचा वेग ताशी शंभर-दीडशे किलोमीटर होणं नेहमीचं. म्हणून दिल्ली–कोलकाता लवकर संपतं आणि कोलकाता–दिल्ली रेंगाळतं. पावसाळ्यात हा झोत उत्तरेला सरकतो आणि दख्खनच्या वर खूप उंचावर पूर्वेकडून वारे वाहू लागतात. म्हणून जानेवारीतला अनुभव जुलैला लावू नये.

हिशोबात वारा असा घ्यायचा: समोरून असेल तर वेगातून वजा, मागून असेल तर वेगात मिळवा. समजा मुंबई–लंडन जाताना सगळ्या वाटेवर सरासरी ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून आहे. वेग ९०० − ४० = ८६०. ७,७२० ÷ ८६० = ८ तास ५८ मिनिटं, अधिक १५, हवेत ९ तास १३ मिनिटं. परत येताना तोच वारा मागून: ७,७२० ÷ ९४० = ८ तास १३ मिनिटं, अधिक १५, म्हणजे ८ तास २८ मिनिटं.

सावधान: जाताना गेलेला वेळ येताना पुरता भरून निघतो, हा समज खोटा आहे. समोरचा वारा विमानाला जास्त वेळ गाठतो, मागचा कमी वेळ. ७,२०० किलोमीटरला ताशी १०० चा वारा धरा: जाताना ९ तास, येताना ७ तास १२ मिनिटं, एकूण १६ तास १२ मिनिटं. वारा नसता तर १६ तास. म्हणून जाण्या-येण्याची सरासरी काढून एका बाजूचा वेळ ठरवू नका.

## टप्पा ७: गेट ते गेट वेळ आणि घड्याळ

तिकिटावरच्या वेळा हवेतल्या नसतात. पहिली वेळ विमान गेटवरून हलण्याची, दुसरी ते पुढच्या गेटवर थांबण्याची. या दोन्हींमधला काळ म्हणजे ब्लॉक टाइम. हवेतल्या वेळात दोन्हीकडचं जमिनीवरचं सरपटणं मिळवलं की तो येतो: छोट्या विमानतळांवर मिळून १५ ते २० मिनिटं, मोठ्यांवर ३० किंवा जास्त. मुंबईच्या सहार विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. रांग तिथे ठरलेलीच.

मुंबई–दिल्ली १ तास ४१ मिनिटं अधिक ३०, म्हणजे २ तास ११ मिनिटं. वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपासचे आकडे दिसतात ते यामुळे. त्यात कंपन्या गर्दीसाठी थोडी सूट धरून ठेवतात. ‘विमान वीस मिनिटं आधी पोहोचलं’ याचा अर्थ वैमानिकाने वेग वाढवला असा क्वचितच असतो. राखून ठेवलेली मिनिटं त्या दिवशी लागली नाहीत, एवढंच.

आता घड्याळ. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या स्थानिक असतात. त्यांची थेट वजाबाकी कधीही करायची नाही. आधी दोन्ही जागतिक प्रमाणवेळेत (यूटीसी) बदला, मग वजा करा. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, दुबई चार तास पुढे, सिंगापूर आठ तास पुढे.

1. समजा मुंबईहून सुटण्याची वेळ १०:००, दुबईत पोहोचण्याची ११:४५.
2. १०:०० मधून ५:३० वजा, म्हणजे ०४:३० यूटीसी.
3. ११:४५ मधून ४:०० वजा, म्हणजे ०७:४५ यूटीसी.
4. फरक ३ तास १५ मिनिटं.

पावणेदोन तासांचा प्रवास वाटत होता तो सव्वातीन तासांचा निघाला. आपल्या पद्धतीने काढून बघा: १,९२७ किलोमीटर, ५ टक्के वाढ, ८३० ने भाग, अधिक १५, अधिक ३०. उत्तर ३ तास ११ मिनिटं. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे असे जवळ आले की हिशोब बरोबर समजा.

सुरुवातीचं लंडनचं उदाहरण: मुंबई १३:०० म्हणजे ०७:३० यूटीसी. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ यूटीसीच्या एक तास पुढे असतं, म्हणून १८:१५ म्हणजे १७:१५ यूटीसी. फरक ९ तास ४५ मिनिटं. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ यूटीसीबरोबर चालतं, तेव्हा तेच विमान, तेवढाच वेळ घेऊन, १७:१५ ला पोहोचताना दिसेल.

तारीख हवी ती याचसाठी. भारतात घड्याळ वर्षभर सारखं. ब्रिटन आणि युरोपात ते मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे येतात, की न्यूयॉर्कचं घड्याळ बदललेलं असतं आणि लंडनचं नसतं. लंडनमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांनी या आठवड्यांत मध्यंतराचा वेळ पाठांतरातल्या फरकावरून मोजू नये.

तपासणी: पोहोचण्याच्या वेळेशेजारी ‘+१’ आहे का? परतीच्या विमानात तो जवळजवळ नेहमी असतो. हिवाळ्यात हीथ्रोहून २०:३० ला सुटून मुंबईत १०:५० ला पोहोचणारं विमान दुसऱ्या दिवशी पोहोचतं: २०:३० यूटीसी ते ०५:२० यूटीसी, ८ तास ५० मिनिटं. विमानतळावर न्यायला येणाऱ्याला तारीख सांगताना हे ‘+१’ विसरल्याने माणसं एक दिवस आधी येऊन ताटकळतात.

## टप्पा ८: मध्ये विमान बदलायचं असेल तर

मुंबई–दुबई १,९२७ आणि दुबई–हीथ्रो सुमारे ५,४९८. एकूण ७,४२५ किलोमीटर, सरळ अंतरापेक्षा फक्त २१० किलोमीटर जास्त. अंतराच्या हिशोबाने दुबईमार्गे जाणं जवळपास फुकट आहे, अवघा पाव तास. वेळेत मात्र तीन-चार तास सहज वाढतात, कारण एक जास्तीचं उतरणं, एक चढणं, दोनदा सरपटणं आणि मधली प्रतीक्षा हे किलोमीटरमध्ये दिसत नाही. म्हणून मार्गांची तुलना अंतरावर करू नका. पहिलं विमान सुटण्यापासून शेवटचं थांबेपर्यंतचा काळ यूटीसीत काढा आणि तो ताडून बघा.

‘डायरेक्ट’ लिहिलं म्हणजे विमान मध्ये थांबत नाही असंही नाही. एकाच फ्लाइट नंबरचं विमान मध्ये उतरून पुढे जाऊ शकतं. थांबा नको असेल तर ‘नॉन-स्टॉप’ शोधा आणि थांब्यांच्या जागी शून्य आहे हे बघा.

## टप्पा ९: नोंदींशी पडताळा

हिशोब तयार झाला की त्या फ्लाइट नंबरच्या मागच्या आठवड्याच्या नोंदी काढा. तीन गोष्टी बघायच्या: उड्डाण ते उतरणं किती, गेट ते गेट किती, आणि रोज किती उशीर. एका दिवसाचा आकडा घेऊ नका. त्या दिवशी वारा वेगळा असेल, दिल्लीत धुकं असेल, मुंबईवर घिरट्या घालायला लावल्या असतील. सात दिवसांतला मधला आकडा धरा.

तुमचं उत्तर आणि नोंद यांत फरक पडला तर कारण असं शोधा:

- नोंद बरीच जास्त आणि विमान लांब पल्ल्याचं: वळसा किंवा समोरचा वारा; टप्पा ४ आणि ६ परत बघा
- फरक नेमका अर्धा किंवा एक तास: घड्याळ चुकलं, टप्पा ७
- फरक पंधरा मिनिटांचा: चढ-उतार किंवा सरपटणं एकदा गाळलंत वा दोनदा धरलंत
- उत्तर भलतंच: रेखांशाचं चिन्ह किंवा कॅल्क्युलेटरचा मोड

## टप्पा १०: कोणता आकडा कुठे वापरायचा

घरून निघण्याची वेळ ठरवताना ब्लॉक टाइम घ्या आणि त्यात दोन्हीकडचा रस्ता, तपासणी, सामानाची वाट मिळवा. देशांतर्गत चेक-इन काउंटर साधारण ४५ ते ६० मिनिटं आधी बंद होतात, परदेशी प्रवासाला त्याहून आधी. नेमका आकडा तिकिटावरच्या अटींत बघा. पुणे–नागपूरला हवेत तासभर असलात तरी घर ते घर चार-साडेचार तास धरावे लागतात, हे लक्षात घेतलं की रात्रीच्या रेल्वेशी तुलना प्रामाणिकपणे करता येते.

हक्क मागताना कोणता आकडा लागतो हे फार कमी जणांना माहीत असतं, आणि त्यामुळे माणसं हातचे पैसे सोडून देतात. भारतात डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांत मोजमाप ब्लॉक टाइमचं आहे. अडीच तासांपर्यंत ब्लॉक टाइम असलेल्या विमानाला दोन तास उशीर झाला की प्रवाशांना खाणंपिणं द्यावं लागतं. अडीच ते पाच तासांच्या विमानाला ही मर्यादा तीन तास, त्यापुढे चार तास. नीट पूर्वसूचना न देता विमान रद्द केलं तर भरपाईची कमाल रक्कम तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमला ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्यापुढे १०,००० रुपये; मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून याहून कमी असेल तर तेवढंच. कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर ही भरपाई मिळत नाही. मुंबई–दिल्ली हवेत १ तास ४१ मिनिटं असली तरी तिचा ब्लॉक टाइम दोन तासांवर आहे, म्हणजे ती १०,००० च्या गटात बसते. अर्जात हवेतला वेळ लिहिलात तर स्वतःच खालच्या गटात जाऊन बसाल.

ब्रिटनमधून सुटणाऱ्या विमानांना उलट नियम आहे. तिथे भरपाई बृहद्वृत्ताच्या अंतरावर ठरते, आणि विमानाने किती वळसा घातला याला महत्त्व नाही. हीथ्रो–मुंबई ७,२१३ किलोमीटर, म्हणजे ३,५०० च्या वरच्या गटात. कंपनीच्या हाताबाहेरचं कारण नसताना विमान चार तासांहून उशिरा पोहोचलं तर प्रत्येक प्रवाशाला ५२० पाउंड, तीन ते चार तासांच्या उशिराला २६०. हा उशीर मोजतात तो मुंबईत विमानाचं दार उघडेपर्यंत, चाकं टेकेपर्यंत नाही. म्हणून दार उघडल्याची वेळ तिथल्या तिथे मोबाइलवर टिपून ठेवा.